गॅसटाकीचा सांधा उसवला तर



कळमनुरी तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्यांच्या परसात दोन घनमीटरचे, तरंगत्या टाकीचे गोबरगॅस संयंत्र आहे. टाकी फायबरची आहे. बरीच वर्षे कुरकुर न करता चालली. यंदा मात्र सकाळी टाकी हातभर वर येते आणि तिथेच अडते. चहा होतो, पण भाकरी टाकायच्या वेळेला शेगडी मान टाकते. टाकीच्या पोटावर, जिथे वरचा आणि खालचा भाग जोडलेला आहे, तिथे बुडबुडे दिसतात. मालक म्हणतात, भंगारात देऊन टाकू. सासूबाई म्हणतात, परसात चूल आहेच की. पुढे त्या लिहितात, ‘पण चुलीपुढे बसायचे मला आहे.’

या पत्राला दोन ओळींत उत्तर देऊन चालणार नाही, म्हणून आजचा सगळा मजकूर याच विषयाला दिला आहे. फायबरची टाकी सांध्यात उसवली म्हणजे ती मेली असे नव्हे. अंगावर धड असलेली टाकी केवळ सांध्यासाठी भंगारात घालणे म्हणजे शिवण उसवली म्हणून सदरा फेकून देण्यासारखे आहे. मात्र सदऱ्याची शिवण वरून खळ लावून टिकत नाही, तसा हा सांधाही वरून काही थापून टिकत नाही. तो आतून उघडून, घासून, नव्याने बांधावा लागतो.

आधी हिशेब पाहू. एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. एक घनमीटर गोबरगॅस हा जळणाच्या दृष्टीने साडेतीन किलो लाकडाच्या किंवा सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसच्या बरोबरीचा धरतात. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणारे असे संयंत्र सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरएवढे जळण देते, आणि खत वेगळेच. थंडीत हे प्रमाण उतरते, ते धरून चाला. तरीही रोजचे सात किलो लाकूड वाचते. ते लाकूड कोण गोळा करते आणि त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो, हे वाचकांना सांगायला नको.

आता दोष खरोखर सांध्यातच आहे का, हे कसे ओळखायचे? टाकी रोज एकाच उंचीपर्यंत येऊन अडत असेल, तर गळती त्या उंचीवर आहे असे समजावे. सांधा शेणकाल्यात बुडालेला असतो तोवर काला त्याला बाहेरून दाबून धरतो. टाकी वर आली आणि सांधा काल्याच्या वर डोकावला, की गॅस तिथून पळू लागतो. आत जेवढा तयार होतो तेवढाच बाहेर जातो, म्हणून टाकी पुढे सरकत नाही. टाकी मुळीच उचलत नसेल तर दोष माथ्यावर, म्हणजे नळाच्या कॉकपाशी किंवा घुमटाच्या तड्यात असतो. टाकी पूर्ण वर येते पण शेगडी पेटत नाही, तेव्हा पाइपात पाणी साचलेले असते. टाकीला हात लावू नका. आणि टाकी रोज येते पण हळूहळू येते, तर शेण कमी पडते आहे किंवा थंडी आहे. हे चार प्रकार नीट ध्यानात आले तर निम्मी दुरुस्ती घरबसल्या टळते.

खात्री करायला साबणाचा दाट फेस करून तो ब्रशने सांध्यावर फिरवावा. जिथे फुगे धरतील तिथे खडूने खूण करावी. काडी पेटवून गळती शोधणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला की तो भडकतो. तेव्हा काडी खिशातच राहू द्या.

टाकी फायबरचीच आहे ना, हेही पाहा. पाण्याच्या काळ्या टाक्या बहुधा पॉलिथिलीन प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना खाली सांगितलेले रेझिन चिकटतच नाही. कोपऱ्यावर ब्लेडने खरवडून पाहावे. प्लॅस्टिकची मऊ साल निघते आणि ती पाण्यावर तरंगते. फायबरची कोरडी भुकटी निघते, तिच्यात काचेचे बारीक तंतू दिसतात आणि ती पाण्यात बुडते.

शेणापासून किंवा मैल्यापासून गॅस ही काही कालची गोष्ट नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्याच्या टाकीवरचा गॅस दिवाबत्तीसाठी वापरला गेला होता. जशभाई पटेल यांनी पन्नासच्या दशकात तरंगत्या टाकीचा नमुना बसवला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकात तो गावोगाव नेला. त्या टाक्या लोखंडी होत्या. गोबरगॅसमध्ये मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड थोड्या प्रमाणात असतो आणि तो लोखंड खातो. दरवर्षी रंग दिला नाही तर चार-सहा वर्षांत पत्र्याची चाळणी होई. म्हणून पुढे फायबरच्या टाक्या आल्या. काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन, एवढ्यावरच हे सारे उभे आहे. गंजायला त्यात काही नाही. हलकी असल्याने चार माणसे ती सहज उचलतात.

पण मोठी टाकी एका साच्यात काढणे आणि गाडीवर घालून आणणे अवघड पडते. म्हणून कित्येक टाक्या दोन भागांत येतात. वरचा घुमट आणि खालचे कडे यांचे काठ एकमेकांवर बसवून, बोल्ट आवळून, आतून काचतंतूंची पट्टी रेझिनने चिकटवतात. टाकीचा सगळा जीव त्या पट्टीत असतो.

गंमत अशी, की हाच सांधा सातासमुद्रापलीकडेही लोकांना छळतो. कॅनडात विनिपेग शहरी रे ओलेको नावाच्या गृहस्थाने आधी शौचालयासाठी फायबरची हलकी सेप्टिक टाकी तयार केली होती. त्याच कल्पनेवर १९६८ साली मोटारीमागे ओढायची, अंड्याच्या आकाराची, तेरा फुटी फिरती खोली तयार झाली. बोलर हे तिचे नाव. दोन कवच, एक वरचे आणि एक खालचे, कमरेवर जोडलेले. त्या खोल्या आता पन्नाशीच्या पुढे गेल्या आहेत आणि हौशी लोक त्या जपून ठेवतात. त्यांचेही दुखणे कमरेच्या सांध्याचेच असते. तिथे पाऊस आत येतो, आपल्याकडे गॅस बाहेर जातो, एवढाच काय तो फरक. जाणते लोक तिथेही बाहेरची झाकपट्टी काढतात, आतून घासतात आणि नवी काचतंतूंची पट्टी घालतात. जे नुसते सिलिकॉन भरतात त्यांना दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच काम करावे लागते. शिवाय एकदा सिलिकॉन लागले की त्या जागेवर पुढे रेझिन धरत नाही. म्हणून टाकीच्या सांध्यावर सिलिकॉन, डांबर, मेण, ग्रीस यांपैकी काहीही लावू नका, तात्पुरतेसुद्धा नको. लावले असेल तर आधी ते शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढावे लागेल.

सांधा उसवतो कशाने? गॅसच्या दाबाने नव्हे. तो दाब जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. उसवतो तो आपल्या हाताने. ज्योत जोरात यावी म्हणून टाकीवर एका बाजूला दगड ठेवले, टाकी कलली, मधला मार्गदर्शक पाइप एका अंगाला घासू लागला, की ओढ सांध्यावर येते. काल्यावर वाळलेली साय जमून टाकी अडकली आणि दोघांनी पहार घालून ती हलवली, तरी तेच. आणि ऊन. आपल्याकडच्या उन्हात रेझिनचा वरचा थर जळून पांढरी भुकटी सुटते, तंतू उघडे पडतात आणि त्यांतून पाणी आत शिरते. उभारणीच्या दिवशी फोटो काढायला दहा माणसे असतात. पुढे कोणी रंगाचा ब्रश घेऊन येत नाही.

आता काम. हंगाम कोणता धरावा? हळद शिजवून, वाळवून, पोती शिवून झाली की लगेच, म्हणजे एप्रिलअखेर ते मे. पावसाळ्यात हे काम करूच नये, दमट अंगावर रेझिन धरत नाही. एक पथ्य मात्र पाळा. अंगणात हळद वाळत असेल किंवा जवळ कडब्याची गंजी असेल तर तिथे फायबर घासू नका. काचेची भुकटी हळदीत किंवा वैरणीत गेली तर ती काढता येत नाही.

टाकी उचलण्याआधी दोन दिवस शेण घालणे थांबवावे. शेगडी बंद करून टाकीवरचा कॉक उघडावा आणि गॅस मोकळ्या हवेत जाऊ द्यावा. त्या वेळी विडी, कंदील, चूल, काही जवळ नको. टाकी उचलतानाही कॉक उघडाच ठेवावा. बंद ठेवून उचलली तर आत पोकळी होऊन टाकी खाली खेचली जाते आणि नवा तडा पडतो.

टाकी बाहेर आली की पाचक विहीर उघडी पडते. तिच्यात माणसाने उतरायचे नाही. वरची साय लांब दांड्याच्या फावड्याने काठावरूनच काढावी. त्या खड्ड्यात प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे खरे, पण तो जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. एक माणूस उतरतो, तो कोसळला म्हणून भाऊ उतरतो, मग शेजारी. असे दोन-तीन जीव एका खड्ड्यात गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. टाकी बाहेर असेपर्यंत विहिरीवर जाड फळ्या टाकून त्यांवर वजन ठेवावे. लेकरे आणि वासरे दोन्ही त्या बाजूला फिरतात.

टाकी जुन्या टायरांवर उलटी ठेवावी. आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने घासून धुवावी आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. मग नाण्याने सांध्याच्या कडेकडेने ठोकत जावे. जिथे टणक आवाज येतो तिथे पट्टी धरलेली आहे. जिथे बद्द आवाज येतो तिथे ती आतून सुटली आहे, वरून धड दिसली तरी. फेसाने दाखवलेल्या खुणेपेक्षा हा सुटलेला भाग नेहमी लांब निघतो. खूण दोन्ही बाजूंना वीतभर वाढवून घ्यावी.

सुटलेली जुनी पट्टी पटाशीने उचलून काढावी. बोल्ट गंजले असतील तर स्टेनलेस स्टीलचे घालावेत, काठ एकमेकांवर नीट बसवावेत आणि बेताने आवळावे. जोर लावून आवळले की भोकापासून तडा सुरू होतो.

मग घासणे, आणि इथेच कामाचा खरा कस आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना उतार द्यायचा. टाकीची भिंत पाच मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत तो उतार जावा, म्हणजे जाडीच्या दहा-बारा पट. जाडसर पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासले तरी चालते. वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आणला तर काम लवकर होते, पण हात हलका हवा. वरचा गुळगुळीत चकचकीत थर पूर्ण निघून खालचे काचतंतू दिसले पाहिजेत. चकचकीत थरावर चिकटवलेली पट्टी वर्षभरात सालीसारखी निघते. या वेळी लांब बाह्यांचा सदरा, चष्मा आणि नाका-तोंडावर चांगला मास्क हवा. अंगाला खाज सुटली तर चोळू नका, थंड पाण्याने धुवा. शेवटी स्वच्छ फडक्याला अॅसिटोन लावून एकदा पुसून घ्यावे. अॅसिटोन पेट्रोलसारखेच पेट घेते, हे विसरू नये.

सामान नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला फायबरचे काम करणाऱ्यांकडे मिळते. दोन फूट उसवलेल्या सांध्याला एक किलो रेझिन आणि एक चौरस मीटर मॅट पुरून उरते. मॅट ४५० ग्रॅमची मागावी. रेझिन साधे घेण्यापेक्षा आयसो जातीचे घ्यावे, पाणी आणि आम्लवायू यांना ते जास्त टिकते. काही जण इपॉक्सी सुचवतील. जुन्या फायबरला ते अधिक घट्ट धरते हे खरे, पण या मॅटमधला डिंक इपॉक्सीत विरघळत नाही, त्यासाठी विणलेले काचकापड लागते आणि किंमतही जास्त पडते. गावच्या कामाला मी पॉलिस्टर रेझिनच सांगतो.

रेझिनबरोबर दोन लहान बाटल्या मिळतात. एक जांभळट, तिला कोबाल्ट म्हणतात. दुसरी पाण्यासारखी पांढरी, ते कॅटॅलिस्ट. या दोन बाटल्या एकमेकींत कधीही, थेंबभरही, थेट मिसळायच्या नाहीत. स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून चांगले ढवळावे आणि ते पूर्ण एकजीव झाल्यावरच कॅटॅलिस्ट घालावे. दोन्हींना वेगवेगळी, सुई नसलेली सिरींज ठेवावी आणि काम झाल्यावर फेकून द्यावी. काही दुकानांतून कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन मिळते, ते मिळाले तर उत्तमच. एक धोका गेला. कॅटॅलिस्ट डोळ्यात गेले तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घालावा. तरी उडालेच तर त्याच क्षणी भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धूत राहावे आणि तसेच दवाखाना गाठावा.

कोबाल्टचे प्रमाण त्याच्या तीव्रतेप्रमाणे बदलते, म्हणून ते विकणाऱ्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. कॅटॅलिस्ट रेझिनच्या एक ते दोन टक्के असते. आपल्या मेमधल्या उन्हात एक टक्काच धरावे, म्हणजे पाव किलो रेझिनला अडीच मिलिलिटर. त्याहून कमी करू नका, नाहीतर ते कच्चे राहते. पाव किलोपेक्षा जास्त एका वेळी कालवूही नका. ऊन तापले की ते दहा मिनिटांत दह्यासारखे होते आणि भांडे गरम होऊन धूर निघतो. पहाटे सुरू करून नऊ-दहाच्या आत संपवणे हा साधा उपाय. टाकी सावलीला हवी, पण वारा खेळता हवा; त्या वासाने डोके धरते. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या दिवशी तिकडे फिरकू नये.

बाहेरच्या बाजूने सांध्यावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे रेझिन गळणार नाही. आतून उतारावर रेझिनचा हात मारावा. मॅटच्या पट्ट्या कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडाव्यात. फाटलेली कड विरळ होऊन अंगात बसते. पहिली पट्टी चार बोटे रुंद, त्यावर सहा बोटे, त्यावर आठ, अशा वाढत्या रुंदीने चार-पाच थर द्यावेत. एका थराची जाडी जेमतेम एक मिलिमीटर होते. ब्रश घासू नका, उभा धरून ठोकत जा. पांढरी मॅट भिजली की काचेसारखी पारदर्शक होते. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे असे समजा आणि ती रोलरने कडेला ढकला. हवेचा एक फुगा पुढे गळतीचे भोक होतो. सलग दोन-तीन थरांपेक्षा जास्त देऊ नका. ते घट्ट होऊन निवले की त्याच दिवशी पुढचे द्या. दुसऱ्या दिवसावर गेले तर आधी पुन्हा घासावे लागते.

साध्या रेझिनचा वरचा थर हवेमुळे चिकट राहतो. पाहुणा बोट लावून बघतो आणि ‘अजून ओले आहे’ म्हणतो. तो वाळावा म्हणून शेवटचा हात मेण घातलेल्या टॉपकोटचा द्यावा, किंवा ओल्या रेझिनवर पॉलिस्टरचा पारदर्शक कागद दाबून लावावा आणि घट्ट झाल्यावर सोलून काढावा.

दुसऱ्या दिवशी टाकी सरळ करून बाहेरची बाजू घ्यावी. चिकटपट्टी काढून सांध्याच्या दोन्ही अंगांना घासावे, दोन थर पट्टीचे द्यावेत. उंच-सखल भाग रेझिनमध्ये टाल्क पावडर कालवून भरावा. ही लांबी दिसायला बरी, गॅस ती अडवत नाही. ती लावून सांधा झाला असे कोणी सांगू लागले तर मजुरी देऊ नका. मग आधी ८० नंबरच्या कागदाने, नंतर १२०, २२० आणि शेवटी ४०० च्या वॉटर पेपरने पाणी टाकत घासावे. त्यावर जेलकोट किंवा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग. नुसता सांधा रंगवू नका, सगळी टाकी हलकी घासून रंगवा. उन्हाने जळलेल्या बाकीच्या अंगालाही त्याची तितकीच गरज आहे. रंग गडद घ्यावा, हिवाळ्यात टाकी थोडी ऊब धरते. दर तीन-चार वर्षांनी हात फिरवला तर तंतू उघडे पडणार नाहीत.

रंग वाळला तरी टाकी लगेच काल्यात सोडू नये. आठवडाभर उन्हात राहू द्या, रेझिन पूर्ण पिकू द्या. मग मार्गदर्शक पाइपाला वंगण, तो सरळ उभा आहे का ते ओळंब्याने पाहणे आणि टाकी सोडणे. टाकी भरून सांधा वर आला की पुन्हा साबणाचा फेस. पहिल्या दोन भरणीचा गॅस हवेत सोडून द्यावा, त्यात हवा मिसळलेली असते. शेगडी तिसऱ्या भरणीला पेटवावी. दाब वाढवायला वजन ठेवायचेच असेल तर वाळूच्या सारख्या पिशव्या चार बाजूंना ठेवाव्यात.

हीच रीत फायबरच्या फवारणीच्या टाकीला, गव्हाणीला, छपराच्या पत्र्याला चालते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला मात्र बाजारातले साधे रेझिन आतून लावू नये. त्यासाठी खाद्यवापराला योग्य असे रेझिन मागावे, नाहीतर ती टाकी गुरांच्या धुण्या-सवरण्याला ठेवावी. घुमटालाच आडवेतिडवे तडे गेले असतील किंवा दोन हातांत धरून दाबली तर भिंत कागदासारखी आत जात असेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. नव्या टाकीसाठी पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडे त्या वर्षी काय तरतूद आहे ते विचारावे.

उरलेले रेझिन पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही, आपल्या उन्हाळ्यात ते डब्यातच दगड होते. भांड्यात उरलेले कालवलेले रेझिन गंजीजवळ किंवा कचऱ्यात टाकू नका. उघड्या मातीवर थंड होईपर्यंत राहू द्या. रेझिनची आणि अॅसिटोनची फडकी बोळा करून न ठेवता पसरून वाळवा. कॅटॅलिस्ट उरलेच तर त्याच्या मूळ बाटलीत, कोबाल्टपासून दूर, कुलपात ठेवा. थंड पेयाच्या बाटलीत ओतून फडताळात ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ते दिसते अगदी पाण्यासारखे.